काणीचे लग्न मोडा



ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी राखाडी पापुद्र्यात बांधलेली काळी भुकटी निघाली, की आपण नशिबाला बोल लावतो, नाहीतर बियाण्याला. हा डाव जमिनीत कोंब फुटतानाच जमून गेलेला असतो.

दाणे काणीची ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. मळणीत पापुद्रे फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. पेरल्यावर दाण्यासोबत बीजाणूही रुजतो, त्यातून बारीक कण सुटतात. असा एकटा कण ज्वारीचे काही वाकडे करू शकत नाही. विरुद्ध प्रकारचा जोडीदार मिळून दोघे एक झाले, तरच त्यांचा धागा कोंबात शिरतो. मग पोटरीपर्यंत पीक हिरवेगार दिसते आणि घात कळतो तो कणीस भरताना.

या बुरशीत नर-मादी नाही. गोत्रे आहेत म्हणा, आणि सगोत्र विवाह चालत नाही! मक्याच्या काणीवर जर्मनीत मारबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत पुष्कळ काम झाले; २००६ साली तिचा सगळा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तिथे कुंडली दोन ठिकाणी जुळावी लागते. पहिल्या ठिकाणची जनुके रासायनिक खूण सोडून जोडीदार हेरतात. त्यांचे प्रकार दोनच. दुसऱ्या ठिकाणच्या जनुकांचे प्रकार मात्र कितीतरी, आणि तिथे वेगळेपण असेल तरच रोग करण्याचा हुकूम सुटतो.

आपल्या दाणे काणीला तर स्थळ शोधायला लांब जावे लागत नाही. एकाच बीजाणूतून दोन्ही गोत्रांची पोरे निघतात. दोन गावच्या काण्या बियाण्याच्या देवघेवीत एकत्र आल्या, तर गुणांची सरमिसळ होऊन वेगळ्या वाणावर चालून जाणारी संतती निपजू शकते. म्हणून ‘काणीला दाद न देणारा वाण’ अशी जाहिरात दिसली, तर किती वर्षे, हे विचारायला लाजू नका.

गंधक गोत्र विचारत नाही. ३०० मेशचे गंधक, किलो बियाण्याला ४ ग्रॅम, पेरणीपूर्वी चोळले की बीजाणू लग्नाआधीच संपतो. पाकिटातल्या बियाण्याला बहुधा औषध लावलेलेच असते. प्रश्न आहे घरच्या बियाण्याचा, रब्बीच्या मालदांडीचा. इतक्या स्वस्त उपायाची जाहिरात करण्यात कोणाला रस असणार? त्यात कोणाचे कमिशन सुटत नाही.

अख्खे कणीस काळे करणारी काणी वेगळी. तिचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, तिथे गंधक पुरे पडत नाही. तसे कणीस दिसताच पिशवीत घालून कापा आणि जाळा. बियाण्याची कणसे उभ्या पिकातूनच निवडा, आणि त्यांची मळणी वेगळ्या खळ्यावर, आधी करा.