चला, अंगणात शाळा भरवू या!



या आठवड्याच्या टपालात नगरच्या सावेडीहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "आमच्या शेजारी बंगल्याचं बांधकाम चालू आहे. तिथल्या मजुरांची दोन छोटी मुलं दिवसभर वाळूच्या ढिगावर असतात. माझा साडेतीन वर्षांचा भाऊ घरात मोबाइल बघत बसतो. समोर मोकळा प्लॉट आहे, त्यात मोठं कडुनिंबाचं झाड आहे. मेच्या सुटीत आम्ही मैत्रिणींनी तिथे छोट्यांची शाळा काढली तर? भिंती नाहीत, बाक नाहीत. चालेल का?"

चालेल काय, धावेल! पण आधी एक गंमत सांगतो. ज्युनिअर केजी, सिनिअर केजी हे शब्द तुम्ही रोज ऐकता. 'केजी' म्हणजे किंडरगार्टन. हा जर्मन शब्द. फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला हे नाव दिलं. अर्थ काय? मुलांची बाग! फ्रोबेलच्या शाळेत मुलांना खरोखरच मातीचे छोटे छोटे वाफे मिळत. आता तुमच्या आसपासच्या केजीत डोकावून बघा. 'के' सापडेल, पण 'जी' सापडेलच असं नाही!

आणि ही बाग शोधायला जर्मनीला जायला नको. आपल्या महाराष्ट्रातच ती फुलली होती.

ताराबाई मोडक हे नाव ऐकलंय ना? भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. मग १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली. पण गरीब वस्तीतली मुलं काही तिकडे फिरकेनात. आता कुणी म्हणालं असतं, "शाळा काढली आहे, ज्याला यायचं तो येईल." ताराबाई तसं म्हणाल्या नाहीत. मुलं शाळेत येत नाहीत ना? मग शाळा मुलांकडे जाईल! बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरू लागली. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं.

पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथली वारली मुलं गुरं चारायला रानात जायची. मग शाळेत कोण येणार? शाळाच कुरणात गेली! तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि शेजारी मुलं शिकताहेत. मोठ्या मुलींना धाकटी भावंडं सांभाळावी लागत, म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर आलं. महागडी साधनं कुठून आणायची? शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या, खडे, हीच साधनं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे अगदी शेवटपर्यंत, हे काम चालू ठेवलं.

तर सावेडीच्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर या गोष्टीत आहे. भिंती नसल्या तरी चालतं. पण सतरंजी टाकून वाट बघत बसलं, तर कॉलनीतलीच मुलं येतील. वाळूच्या ढिगावरची ती दोघं लांबून बघत राहतील. त्यांना "या" म्हणून सांगायला तुम्हालाच जावं लागेल, तेही मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, त्यांच्या आईशी बोलून. शाळेची पहिली तयारी हीच. बाकीची आता सांगतो, वहीत लिहून घ्या.

१. परवानगी. प्लॉट कुणाचा आहे ते विचारा आणि मालकाला भेटा. जागा महापालिकेची ओपन स्पेस असेल, तर घरातल्या मोठ्यांनी तिथे अर्ज करावा. न विचारता सतरंजी पसरायची नाही.

२. मोठं माणूस. शाळा तुमची, पण जबाबदारी मोठ्यांची. रोज किमान दोन मोठी माणसं हवीत. आजी-आजोबा असतील तर उत्तम, गोष्टींचा साठा आपोआप येतो! सुरुवातीला आठ-दहाच मुलं घ्या, तीन ते सहा वर्षांची.

३. वेळ. नगरचा मे महिना म्हणजे नुसती भट्टी. पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा शाळा सकाळी सात ते नऊ, त्यानंतर एक मिनिटही नाही. नगर हा पर्जन्यछायेचा भाग, पाऊस कमी. त्यामुळे उघड्यावरच्या शाळेला इथे वर्षातले पुष्कळ दिवस मिळतात. दिवाळीनंतरची थंडी तर सगळ्यांत छान.

४. जागेची साफसफाई. काचा, खिळे, तारा मोठ्यांनी उचलायच्या. दगडांच्या ढिगाखाली विंचू असू शकतो, म्हणून तिथे तुम्ही हात घालायचा नाही. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, तेही आधी काढून टाकायला हवं. धोत्रा, कण्हेर, एरंड आणि गुंज ही चार झाडं नीट ओळखायला शिका. त्यांच्या बिया विषारी असतात. ती प्लॉटवर दिसली, तर मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. आणि बांधकामाजवळ तर मुळीच खेळायचं नाही. शाळा झाडाखाली, खड्ड्यापासून आणि रस्त्यापासून लांब.

५. सामान. दोन सतरंज्या, झाकणाचा माठ, ओगराळं, बादली, साबण, प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी. शेजारच्या एखाद्या घरचं शौचालय मुलांसाठी मोकळं हवं. हे आधीच ठरवा, ऐनवेळी धावपळ नको.

६. मोजणी. मुलं आली की मोजा, मध्ये मोजा, जाताना मोजा. ज्याच्या घरचं माणूस आलं नाही, त्याला एकट्याला सोडायचं नाही.

आता दोन तासांत करायचं काय? पाटी-पेन्सिल घरी ठेवा. आधी हातपाय धुवा, मग झाडाभोवती एक फेरी. मुंग्यांची रांग कुठे चालली आहे? कोकिळा कुठून ओरडते? सालीचा हात कसा लागतो, खरखरीत की गुळगुळीत? नंतर चिखल आणि पाणी. भाकऱ्या थापा, किल्ले करा, भांड्याने पाणी मोजा. गुलमोहराच्या वाळक्या शेंगेचा खुळखुळा होतो. पानं लहान-मोठी लावली की झालं गणित! चिंचोके मोजायला छान, पण तीन वर्षांची पोरं ते नाकात नाहीतर तोंडात घालतात. त्यांच्या हाती मोठे खडे द्या. खाऊला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणा. शेंगदाणे छोट्यांच्या घशात अडकतात, ते नकोत. खाऊ सगळ्यांना सारखा, घरून डबा आणणाऱ्यालाही आणि न आणणाऱ्यालाही.

एक लक्षात ठेवा. त्या दोन मुलांची भाषा वेगळी असेल. हसू नका. मुंगीला ते काय म्हणतात ते विचारा. तुमच्या भावाला मुंगीचं नवं नाव मिळेल, आणि त्यांना कळेल की आपल्यालाही काहीतरी येतं.

आई-बाबांसाठी. "चिखलात लोळून काय शिकणार?" असं तुमच्या मनात येईल. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटं अजून पेन्सिलीला तयार व्हायची असतात. माती मळताना, बिया वेचताना ती तयार होतात. कपडे मळतील, ते धुता येतात. दुसरी काळजी असेल, "मजुरांच्या मुलांबरोबर?" त्याचं उत्तर बोर्डीच्या अंगणात केव्हाच मिळालं आहे. एक काम मात्र तुमचंच. जवळच्या अंगणवाडीताईंना भेटून त्या दोन मुलांची नावं तिथे नोंदवून द्या. तिथे पोषण आहार मिळतो, लसीकरणाची माहिती मिळते. तुमची सुटीतली शाळा महिन्याभराची, अंगणवाडी वर्षभराची.

कारण दोस्तांनो, बंगला बांधून झाला की ते कुटुंब दुसरीकडे जाईल. कदाचित तुमची सुटी संपायच्या आधीच. जाताना त्यांच्या आईला लसीकरणाचं कार्ड जपून ठेवायला सांगा, आणि जिथे जाल तिथे आधी अंगणवाडी विचारा, असंही सांगा. मुलांच्या हातात गुलमोहराचा एक खुळखुळा द्या.

मग कधी भरवताय शाळा? पहिल्या दिवशी किती मुलं आली, ते पत्राने कळवा. आणि हो, ती दोघं आली का, ते सगळ्यांत आधी लिहा!