घोडेगावचं 'धोडेगाव'

फ्लेक्सवाल्यांना माझी एकच विनंती आहे. ते चौकोनी, टोकदार, जाडजूड अक्षर जरा आवरा! वाढदिवसाला तेच, कांद्याच्या आडतीला तेच आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही तेच. अरे, गेलेल्या माणसाचं नाव तरी क्रिकेट स्पर्धेसारखं लिहू नका...

"उठून दिसतं ना दादा!" दिसतं हो, पण वाचता येतं का? आमच्या घोडेगावचंच घ्या. घ आणि ध मध्ये फरक केवढा? ध ची शिरोरेघ डावीकडे तुटते, तिथे छोटी गाठ येते. बस्स. भ आणि म चंही तेच. गोलाई छाटून रेघ जाड केली की ती फट बुजते. त्यात अक्षर ओढून रुंद केलं की उभ्या रेघा आणखी फुगतात. गाडीतून शनिशिंगणापूरचा फाटा शोधणाऱ्याने वाचायचं काय, कपाळ?

असे फॉन्ट वाईट असतात असं नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' चौकोनीच आहे, फुकटही आहे. पण तो मथळ्यासाठी बनवलाय. दुकानाचं नाव त्यात खुशाल लिहा. पत्ता, तारीख, वीस नेत्यांची नावं त्यात कोंबू नका. त्यासाठी 'मुक्ता' आहे, तोही फुकट.

कमल शेडगे (निधन २०२०) प्रत्येक नाटकाचं नाव त्या नाटकाच्या स्वभावाप्रमाणे हाताने रेखाटायचे. आपल्याकडे हजार फॉन्ट, आणि साचा एकच!

असो. छापण्याआधी डिझाइन मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघा. घ चा घ दिसला तरच पैसे द्या.