सत्तावीस देश, एकच दार

भारतीय आंब्यावरील 2014 ची युरोपीय बंदी वाचकांना आठवत असेल. त्याआधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत फळमाशी व इतर किडी आढळल्या होत्या. परिणामी 1 मे 2014 पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांना युरोपीय संघाचे दार बंद झाले.

ज्या ब्रिटनमध्ये आंब्याच्या बागा नाहीत, त्याने आपल्या फळमाशीला का भ्यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु ब्रिटन तेव्हा संघाचा सदस्य होता आणि सदस्य देशाला आपले परदेशी व्यापारधोरण स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. तो अधिकार संघाचा. वाटाघाटी युरोपीय आयोग करतो, त्यासाठी अनुमती मंत्र्यांची परिषद देते आणि करारास युरोपीय संसदेची संमती लागते. किडींविषयीचे निर्णय मात्र या राजमार्गाने होत नाहीत. ते सदस्य देशांच्या प्रतिनिधींच्या समितीत मतदानाने होतात. कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला यात अन्याय दिसत नाही. अंतर्गत सीमांवर मालाची नित्य तपासणी नसल्याने लंडनमध्ये उतरलेली अळी तेव्हा स्पेनच्या बागेपर्यंत सहज पोहोचू शकत होती. आपण मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच निर्यात करण्याची शिस्त लावून घेतली, तेव्हा मुदतीपूर्वीच, जानेवारी 2015 मध्ये, समितीने आंब्यावरील बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले.

आता प्रश्न अधिक अवघड आहे. क्लोथियानिडिन व थायामिथोक्झाम यांचा उघड्या शेतातील वापर संघाने 2018 मध्ये थांबवला. पुढे 2023 च्या नियमाने आयात मालातील त्यांची कमाल अवशेष मर्यादाही बहुतेक पिकांत 0.01 मि.ग्रॅ. प्रति किलोपर्यंत खाली आणली. कारण ग्राहकाचे आरोग्य नव्हे, तर मधमाश्या व अन्य परागीकरण करणारे कीटक. तेही केवळ युरोपातले नव्हेत, जगभरचे! परागीभवनाचे महत्त्व आम्हीच शेतकऱ्यांना सांगतो, त्यामुळे या हेतूशी माझे भांडण नाही. मात्र त्याच संघातील कारखान्यांतून ही कीटकनाशके इतर देशांना विकली जात राहिली, हे विसंगत आहे. आयातीच्या दारावर एकमत आणि निर्यातीच्या दारावर मौन, याला समान धोरण म्हणणे मला जड जाते.

तरीही तक्रारीने खेप सुटत नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांपायी 2010 मध्ये द्राक्षबागायतदारांनी हे अनुभवले आहे. असे नियम लागू होण्यापूर्वी जागतिक व्यापार संघटनेला कळवले जातात आणि इतर देशांना अभिप्रायासाठी साधारणतः 60 दिवस मिळतात. आपला शेतातील अनुभव, किडीचा प्रादुर्भाव, पर्यायी औषधांची परिणामकारकता हे सारे त्या 60 दिवसांत मांडले गेले पाहिजे. त्यासाठी मसुद्याचा मराठी गोषवारा तालुक्यापर्यंत तत्काळ यावा आणि विस्तार कार्यकर्त्यांची निरीक्षणे संशोधन केंद्रांमार्फत वर जावीत. हे काम संशोधन संस्थांचे, म्हणजे आमचेही आहे.

या दोन कीटकनाशकांची नवी मर्यादा 7 मार्च 2026 पासून लागू होणार, हे फेब्रुवारी 2023 मध्येच जाहीर झाले होते. आपल्या गावच्या फवारणी वेळापत्रकात ती तारीख कधी पोहोचली, हे प्रत्येकाने कागद काढून पाहावे.