वस्तीची गाडी

गेल्या शनिवारी संध्याकाळी गावातल्या नळाला पाणी आलं आणि सगळ्यांत आधी आमच्या चालकाने त्याला पाइप लावला. दीडशे लिटरची टाकी. ती भरेपर्यंत एक आजी कमरेवर रिकामी कळशी घेऊन मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून आम्हीही पाहून न पाहिल्यासारखं केलं. आठवडा झाला, ती कळशी डोळ्यांसमोरून हलत नाही.

भाच्याने हौसेने दोन दिवसांसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली होती. ताम्हिणी उतरून मंडणगडमार्गे समुद्राकाठचं एक लहानसं गाव गाठलं. नाव मुद्दाम लिहीत नाही; आणखी चार गाड्या तिथे जायला नकोत. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. चार बिछाने, शेगडी, बारका फ्रिज, मागे न्हाणीघर. माझी बहीण दोन्ही गुडघ्यांनी अधू आहे. ती आठ वर्षांनी समुद्रापर्यंत आली ती या गाडीमुळेच. पाण्यात पाय बुडवून बसलेल्या तिला पाहिलं तेव्हा भाच्याच्या खर्चाचं चीज झालं.

पण गाडी उभी केली ती देवळासमोरच्या पटांगणात, आणि तिथे बसलेल्या एकाने सहज सांगितलं, ‘पूर्वी आमची वस्तीची गाडी इथेच लागायची.’ मग मला झोप कुठली!

वस्तीच्या एसटीवर मी या सदरात किती वेळा लिहिलंय ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तरी आज पुन्हा लिहायलाच हवं, कारण गावात रात्रीला राहणारी गाडी काय असते हे मी आजोळी, गुहागर तालुक्यात, लहानपणी पाहिलेलं आहे. आठच्या सुमाराला वळणावर दिवे दिसायचे. गाडीतून माणसं उतरायचीच, पण वर्तमानपत्र, कुणाची औषधाची बाटली, सायकलची ट्यूब हेही कंडक्टरच्या हाती यायचं. चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायचे. जेवणाची पाळी घरोघर ठरलेली. आमच्याकडे पाळी असली की आजी कुळथाच्या पिठल्यात तेलाचा हात सैल सोडायची. पहाटे चालक आमच्या विहिरीवर यायचा, रहाटाने दोन बादल्या पाणी काढायचा आणि रेडिएटरमध्ये ओतायचा. अंधारात रेडिएटरच्या तोंडाजवळ बॅटरी धरायचं काम माझं. मग साडेपाचला गाडी हलायची ती तालुक्याला जाणारी पोरं, पेशंट, कोर्टाची तारीख असलेले, असं अर्धं गाव घेऊन.

आता आमची गाडी पाहा. अन्न पुण्याहून भरून आणलेलं, दूधसुद्धा. बिछाना आमचा, शेगडी आमची. गावाकडून आम्ही घेतलं ते फक्त पाणी, तेही नळावरच्या बायकांच्या आधी. आणि गावाला दिलं काय? रविवारी सकाळी उठलो तर चालकाने खालची तोटी उघडून रात्रीचं भांड्यांचं, अंघोळीचं पाणी सुरूच्या बनात सोडून दिलं होतं. साबणाचा फेस वाळूवर तसाच थरथरत होता. भाच्याने विचारलं तर तो सरळपणे म्हणाला, ‘मग कुठे सोडू? मालकांनी काही सांगितलेलं नाही.’ त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. विचारायला हवं होतं आम्ही, निघतानाच.

पाणी हा कोकणात क्षुल्लक विषय नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यातून तो पाझरून समुद्राला मिळतो. मार्चपासून विहिरी तळाला जातात. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून उपसा वाढला तर पाणी मचूळ होतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजी गोडी होत नाही.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आलं. अशा गाड्यांसाठी वीज-पाण्याची सोय असलेले तळ असावेत, ही त्यातली कल्पना योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की तळ लांब माळावर नको, गावात हवा, कुणाच्या तरी खळ्यात. पाण्याचे पैसे घरमालकाने घ्यावेत, सांडपाणी त्याच्या माडांच्या आळ्यांत जावं, मैल्याला शोषखड्डा असावा, आणि एक वेळचं जेवण त्याच घरी जेवणं सक्तीचं असावं. हे अशक्य नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सव सुरू झाल्यापासून पाहुणे लोकांच्या घरात उतरतात, पडवीत झोपतात, घरातलं जेवतात. त्यामुळे पाहुणा आला की गावाच्या हाती चार पैसे पडतात, आणि रात्री किनाऱ्यावर दिवे का लावायचे नाहीत हे त्याला जेवता जेवता समजतं. कासवाचं पिल्लू उजेडाकडे धावतं. समुद्राऐवजी आपल्या गाडीच्या दिव्याकडे आलं तर ते वाळूतच संपतं. आमच्या गाडीला बाहेरून दिव्यांची माळ होती. देवळापाशी होतो म्हणून निभावलं.

आणि ज्या पटांगणात कॅराव्हॅनला जागा मिळते, तिथे वस्तीची एसटीही पुन्हा लागली पाहिजे. हे मी लिहीत राहणार.

निघण्याआधी बहिणीने भाच्याला त्या आजींकडे पाठवलं, पाण्याचे पैसे द्यायला. आजींनी पैशांना हात लावला नाही. म्हणाल्या, ‘मंडणगडावरनंच जाणार ना रे? मला दवाखान्यापाशी उतरवशील? रविवारीही असतात ते डॉक्टर. रिक्षावाला फार मागतो.’

आम्ही त्यांना बिछान्यावर आडवं व्हायला सांगितलं. त्या ऐकेनात. मांडीवर पिशवी घेऊन, पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत ताठ बसून राहिल्या. वाटेतल्या वाडीपाशी हात दाखवून त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि आणखी दोघांना आत घेतलं.