रेघ साहेबाची, शिक्षा कैकाड्याची

पैनगंगेच्या एका अंगाला उमरखेड तालुका, दुसऱ्या अंगाला हदगाव. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, हदगाव नांदेडात. उमरखेडचा कैकाडी सरकारी कागदावर अनुसूचित जातीचा. हदगावचा कैकाडी विमुक्त जातीचा. दोघांची बोली एक, गाढवं तशीच, टोपल्या-कणग्या विणायचा हात तोच. सोयरीक एकमेकांत. मग एका जातीच्या दोन जाती केल्या कुणी?

नदीनं नाही केल्या. तहात केल्या.

१८५३ साली डलहौसीनं निजामाकडून वऱ्हाड काढून घेतलं. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजाचा आणि बिल निजामाच्या माथी. पैसा नाही तर मुलूख दे. १९०२ साली कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचं इंग्रजांकडे ठेवून घेतलं आणि पुढच्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडून टाकलं. सावकार शेतकऱ्याचं वावर गिळतो त्याच रीतीनं. त्या मुलखातून टोपल्या विकत फिरणाऱ्या कैकाड्याला कुणी विचारलं काय? विचारणार तरी कशाला? त्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता, आणि तहात तर जमीनवाल्यालाही विचारत नव्हते.

आता आजची अनुसूचित जातींची यादी काढून बघा. महाराष्ट्राच्या यादीत कैकाडी आहे. पण त्याच्यापुढे कंस आहे. अकोला, अमरावती, भंडारा, बुलढाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ. आणि चंद्रपूर जिल्हा, राजुरा तहसील वगळून. राजुरा का वगळलं? वर्धा नदीच्या पलीकडचं राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं म्हणून! निजाम गेला, मध्यप्रांत गेला, १९५६ ला राज्यं नव्यानं पाडली, १९६० ला संयुक्त महाराष्ट्र झाला. गुलाल उधळला, हुतात्मा चौक झाला. मराठी माणूस एक झाला म्हणे. कैकाडी मात्र अजून मध्यप्रांत आणि निजामाच्या हद्दीवरच उभा आहे. १९७६ च्या कायद्यानं राज्याच्या आतली असली बरीचशी क्षेत्रबंधनं उठली. कैकाड्याचं राहिलं.

कंसानं काय एवढं बिघडतं, असं कुणी खुर्चीत बसून म्हणेल. ऐका. यवतमाळच्या कैकाड्याला जातीवरून शिवी दिली, झोपडी जाळली, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा त्याच्या बाजूनं उभा करता येतो. निदान कागदावर तरी. नांदेडच्या, सोलापूरच्या, साताऱ्याच्या कैकाड्याची झोपडी तशीच जळाली, तर तो कायदा त्याच्यासाठी नाहीच. राख तीच, शिवी तीच. एकाला अनुसूचित जातीच्या सवलती. दुसऱ्याला राज्यात विमुक्त जातींच्या ३ टक्क्यांत चौदा जमातींबरोबर रेटारेटी, आणि केंद्रात विमुक्त जात असा वेगळा रकानाच नाही, म्हणून ओबीसीच्या रांगेत शेवटी.

मुंबई इलाख्याच्या बाजूला तर आणखी मोठा उद्योग झाला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर इकडेही लागू झाला. कैकाडी, पारधी, भामटे जन्मतःच गुन्हेगार ठरले. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट. हजेरी द्या, पास घ्या, मग गाव सोडा. ज्यांचं पोट फिरण्यावर त्यांचं फिरणंच गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला आणि गुन्हेगार विमुक्त झाले. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागच्या दारानं उभेच होते. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत विमुक्त जमाती म्हणजे सराईत गुन्हेगार असलं लिखाण इतकी वर्षं चालू होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये बोलावं लागलं. बाहत्तर वर्षं!

हे एकट्या वऱ्हाडाचं, एकट्या सोलापूरचं रडगाणं नाही. साहेबानं जिथंजिथं तंबू ठोकला तिथंतिथं फिरत्या माणसाचा काटा काढला. पर्सी कॉक्स नावाचा एक साहेब होता. नोकरीच्या सुरुवातीला तो आपल्याच कोल्हापूर-सावंतवाडीकडे किरकोळ हुद्द्यांवर होता. तिथून चढत चढत इराकचा हाय कमिशनर झाला. १९२२ च्या मे महिन्यात मुहम्मराच्या तहात आधी माणसंच वाटली गेली. मुंतफिक, धफीर आणि अमारात या अरब जमाती इराकच्या, शम्मर नज्दच्या. गुरं वाटतात तशी. मग त्याच वर्षाच्या अखेरीस उकैर बंदरात तंबूत बैठक बसली आणि कॉक्सनं वाळवंटाच्या नकाशावर पेन्सिलनं रेघ मारली. अलीकडे इराक, पलीकडे इब्न सौदचं नज्द, कोपऱ्यात कुवेत.

इब्न सौदचं म्हणणं होतं की बदाऊची हद्द विहिरीवरून आणि चाऱ्यावरून ठरते. पाऊस जिकडे पडेल तिकडे उंट जाणार. हा काही गरिबांचा कैवारी नव्हता, त्यालाही त्या जमातींवर राज्यच करायचं होतं. तरी तो बोलला ते खरं होतं. साहेबालाही ते कळत होतं, म्हणून तर त्यानं दोन तटस्थ पट्टे ठेवले आणि हद्दीवरच्या विहिरींजवळ किल्ले बांधायचे नाहीत असं करारात घातलं. पुढं काय झालं? १९२७ ला इराकनं बुसैया इथं विहिरींपाशी पोलीस चौकी बांधायला घेतली. मुतैर जमातीनं ती कापून काढली. मग इंग्रजी विमानं आली आणि वाळवंटात तंबूंवर बॉम्ब पडले.

वसई-विरारमधून कुवेतला कामाला गेलेले आपल्या ओळखीत सापडतील. त्यांना बिदून विचारा. बिदून म्हणजे बिनराष्ट्रीयत्वाचा. कुवेतच्या १९५९ च्या कायद्यानं ठरवलं की १९२० च्या आधीपासून जो इथं स्थायिक तोच मूळचा कुवेती. उंटामागं फिरणारा १९२० साली 'स्थायिक' कुठून असणार? ज्यांना कागद जमला नाही त्यांची नातवंडं आजही त्याच मातीत जन्मून परकी आहेत. असे लाखभर लोक आहेत. तेलाच्या पैशानं शहर चकाकतं आणि त्याच शहरात ही माणसं कागदावाचून.

आता आपली तारीख ऐका. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्याला जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा. आजा त्या दिवशी कुठं होता ते सांगा. आजा गाढवावर बिऱ्हाड टाकून एका गावकुसातून दुसऱ्या गावकुसात चालला होता, साहेब! पाटील तीन रात्रींच्या वर टिकू देत नव्हता. कुठला सातबारा आणि कुठला शाळेचा दाखला? कुवेतचं १९२० आणि आपलं १९६१, दोन्ही तारखा एकाच पोटच्या. ज्याला थांबू दिलं नाही त्यालाच विचारायचं, तू थांबला होतास का?

मी हे एव्हरशाईन सिटीत बसून लिहितोय. वसईचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते १८०२ च्या वसईच्या तहासाठी. दुसऱ्या बाजीरावानं कंपनीची तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख लिहून दिला. वऱ्हाडचीच गोष्ट, पन्नास वर्षं आधीची. पेशवाई बुडाली याचं आपल्याला दुःख नाही. पण राजानं मुलूख लिहून दिला की त्या मुलखातली माणसंही त्या कागदात बांधली जातात, हे ध्यानात ठेवा. आज इथल्या टॉवरांत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी आपली किती पोरं आहेत! दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा पत्ता, पोलिसांत भाडेकरूची नोंद. आपल्याला पुरावा मागितला की घाम फुटतो. मग पालात राहणाऱ्याचं काय होत असेल?

आता कडू बोलतो. या प्रश्नावर आपल्यातलेच काही तोंड फिरवतात. म्हणतात, बाकीचे कैकाडी अनुसूचित जातीत आले तर आपल्या १३ टक्क्यांत वाटेकरी वाढतील. दोस्तांनो, ही भीती खोटी नाही. घास आधीच अपुरा आहे. पण घास अपुरा कुणी ठेवला? शेजारच्या पालातल्या कैकाड्यानं? नवी माणसं यादीत आली तर त्यांच्या डोक्याइतका वाटा वाढलाच पाहिजे, ही मागणी दोघांनी मिळून करायची आहे. ती सोडून दारात काठी घेऊन उभं राहायचं असेल, तर साहेबाची रेघ राखायला आपणच फुकटचे चौकीदार झालो.

म्हणून मागण्या साफ असू द्या. कैकाड्यापुढचा कंस खोडा. तो खोडायचा अधिकार संसदेचा आहे, तेव्हा मंत्रालयावर मोर्चा नेऊन भागणार नाही, खासदाराची गचांडी धरा. वाढलेल्या लोकसंख्येइतका वाटा वाढवा. १९६१ चा पुरावा पालातल्या माणसाकडे मागू नका, सरकारनं पालावर येऊन चौकशी करावी आणि दाखला तिथंच द्यावा. गावोगावी पाल पडलं की चोर समजून झडती घेणं बंद करा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाचे पाच जण पोरं पळवणारे समजून ठेचून मारले गेले. मंगळवेढ्याकडची भिक्षेकरी माणसं होती ती. तो संशय १८७१ पासून सरकारनंच लोकांच्या डोक्यात शिजवलाय.

आणि जनगणना येतेय. २०२७ च्या जनगणनेत जात विचारणार असं केंद्रानं २०२५ मध्ये जाहीर केलं. गणतीवाला टॉवरात येईल, चाळीत येईल. पुलाखालच्या पालावर जाईल का? आपल्या वस्तीजवळचं पाल हुडका, त्यांची माणसं मोजली गेली की नाही ते बघा. नाही मोजली तर गणतीवाल्याला हात धरून तिथं न्या.

— एव्हरशाईन सिटी, वसई