दसऱ्याला धुतलेली सतरंजी सोयाबीननंतर पुन्हा धुवा

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा घ्या किंवा वाशीम जिल्ह्यातील दुसरे कुठलेही गाव, घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण बाहेर निघते. सतरंज्या, गोधड्या, चादरी नाल्यावर किंवा बोअरजवळ जातात, मोगरीखाली कुटल्या जातात आणि कुंपणावर वाळत पडतात. दसऱ्याची ही धुलाई आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच सवय आहे. आक्षेप आहे तो एवढाच, की वर्षभराचा हिशेब त्या एका दिवसावर सोडला जातो.

सतरंजीत नेमके काय असते? माती असते, पण दम्याच्या रुग्णाला त्रास होतो तो बहुधा माइट या सूक्ष्म जिवामुळे. त्याची लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढी. माणसाच्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण हे त्याचे अन्न. घरच्या धुळीची ॲलर्जी म्हणजे मुख्यतः या माइटची ॲलर्जी, हे नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. त्यामुळे पावसाळ्यात तो फोफावतो आणि कोरड्या उन्हात सुकून मरतो. विदर्भातला मे महिना त्याला सोसत नाही. पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्यावर टाकलेली सतरंजी हाताला चटका देते, तिथे माइट कसला टिकतो! शहरात महागडी यंत्रे विकत घेऊन जे साधायचे, ते इथे फुकट मिळते आणि तेही पाणीटंचाईच्या दिवसांत, थेंबभर पाणी न लागता.

पण ऊन माइट मारते, त्याची विष्ठा नाहीशी करत नाही, आणि ॲलर्जी प्रामुख्याने त्या विष्ठेतील प्रथिनांची असते. ती काढायला धुणेच लागते. साध्या पाण्याने ही प्रथिने बरीच निघून जातात, पण माइट मरायला पाणी ५५ ते ६० अंश गरम हवे. उकळत्या पाण्यात तेवढेच थंड पाणी मिसळले की साधारण तेवढी उष्णता येते. त्यात हात घालू नये.

आता सोयाबीन. सोंगणी आणि मळणी दसऱ्याच्या आसपास किंवा त्यानंतर चालते. थ्रेशरभोवती कुटाराचा धुरळा उडतो, माणसे तो अंगावर घेऊन घरी येतात, पोती झोपायच्या खोलीतच रचली जातात आणि नुकती धुतलेली सतरंजी पुन्हा भरते. या धुळीला किरकोळ समजू नये. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधील बार्सिलोना शहरात दम्याच्या साथी आल्या. ठरावीक दिवशी रुग्णालयांत एकदम गर्दी होई. बंदरावर सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ हे त्याचे कारण निघाले. दाण्याच्या टरफलात ॲलर्जी आणणारी प्रथिने असतात. साठवणुकीच्या कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवल्यावर साथी थांबल्या. आपल्याकडे गाळणी कोण बसवणार? म्हणून दसऱ्याची धुलाई जरूर करावी, पण मळणी आटोपली की दिवाळीआधी निदान झोपायच्या सतरंज्या पुन्हा धुवाव्यात. पोती दुसऱ्या खोलीत ठेवता आली तर उत्तमच.

ढेकणांसाठी शेतातले फवारणीचे औषध गोधडीवर मारण्याचा प्रकार मात्र बंद व्हायला हवा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच विष रात्रभर लेकराच्या नाकाशी ठेवायचे का? डांबर गोळ्याही तान्ह्या बाळाच्या कपड्यांत नकोत. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते.

सतरंजी धुतल्याने दमा बरा होतो, असा याचा अर्थ नव्हे. माइट कमी करण्याच्या उपायांवरील ५४ चाचण्यांचा आढावा २००८ मध्ये कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्या उपायांनी दम्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. इनहेलर सुरू असेल तर तो डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

आणि एक. सतरंज्या झटकण्याचे काम घरातल्या बाईकडेच येते, मग तिला स्वतःला धाप लागत असली तरी. ते काम ज्याला दमा नाही त्याने करावे, नाकातोंडाला रुमाल बांधून, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. दम्याचे मूल तेवढा वेळ शेजारच्या घरी बसेल.