पाच मिनिटांचा योग आणि आठ तासांची खुर्ची

सप्टेंबर 2021च्या पहिल्याच आठवड्यात दोन घटना घडल्या. 1 तारखेला केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी ‘वाय-ब्रेक’ नावाचे पाच मिनिटांच्या योगाचे मोबाइल ॲप समारंभपूर्वक प्रसिद्ध केले. 6 तारखेला तमिळनाडू विधानसभेत दुकानांतील नोकरांना आसन देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले गेले.

तंजावूरच्या कापडदुकानात दिवसभर उभी असणारी विक्रेती आणि त्याच शहरात बँकेच्या संगणकापुढे दिवसभर बसणारी कारकून, या दोघींची व्यथा वरवर परस्परविरुद्ध भासते. वस्तुतः ती एकच आहे. एकीला बसू दिले जात नाही, दुसरीला उठता येत नाही. कामाच्या तासांत स्वतःच्या देहावर दोघींचाही अधिकार नाही. पहिलीच्या हक्कामागे कोझिकोडच्या विक्रेत्या महिलांचा लढा होता; त्याच्याच रेट्याने केरळने 2018 साली असा कायदा केला. दुसरीच्या वाट्याला मात्र उपदेश आला.

तथापि व्यायामाची टिंगल करणे हा काही वर्गीय दृष्टिकोन नव्हे. (आपल्या कामगार संघटनांतही हा विषय निघाला की पुरुष सभासद हसतात!) जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार 2022 साली भारतातील 57 टक्के स्त्रियांना व 42 टक्के पुरुषांना तेवढा घडत नव्हता. यावरून स्त्रियांना आळशी ठरवणाऱ्या महाभागांनी सरकारचेच 2024चे वेळ-वापर सर्वेक्षण वाचावे: घरकामात स्त्रीची दिवसाला 289 मिनिटे जातात, पुरुषाची 88.

म्हणूनच व्यायाम कोणाच्या वेळात, हा कळीचा मुद्दा आहे. डेन्मार्कमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 200 महिला रुग्णालय-कर्मचाऱ्यांपैकी काहींनी कामाच्या वेळेत सहकाऱ्यांसमवेत, तर काहींनी घरी फावल्या वेळात, दहा आठवडे व्यायाम केला. त्या खुर्चीवरच्या कर्मचारी नव्हत्या हे खरे. पण दोन्हीकडे ठरलेला व्यायाम आठवड्यातून पाचदा दहा मिनिटांचाच होता. स्नायूंच्या वेदना अधिक घटल्या त्या कामाच्या वेळेत व्यायाम करणाऱ्यांच्या.

‘वाय-ब्रेक’ला कायद्याचे पाठबळ नाही. काउंटरपुढची रांग पाच मिनिटे कोण सांभाळणार, यावर मंत्रालयाचे ॲप मूक आहे. रिक्त जागा भरा, कामाचे लक्ष्य तेवढ्या प्रमाणात घटवा आणि व्यायामाची वेळ पगारी तासांत धरा, ही मागणी यापुढील प्रत्येक वेतनकराराच्या मसुद्यात आलीच पाहिजे. आणि तो मसुदा लिहिताना तंजावूरच्या त्या कारकुनेला समितीत बसवावे.